इंग्रजीतील सहायक क्रियापदे: मराठीतून येणाऱ्या चुका आणि त्या दुरुस्त करण्याची रीत

इंग्रजी लिहिताना स्पेलिंग चुकले तर संगणक खाली लाल रेघ ओढतो, आणि शब्द आठवला नाही तर शब्दकोश हाताशी असतो. पण 'ही डझन्ट नोज' किंवा 'डिड यू वेन्ट' असे वाक्य तोंडातून निघून जाते तेव्हा आपल्याला त्यात काही खटकतही नाही. न खटकण्याचे कारण असे की या चुका बहुतेक वेळा शुद्ध मराठीतूनच येतात. मराठीत जी रचना बिनचूक असते तीच जशीच्या तशी इंग्रजीत उतरवली जाते आणि सहायक क्रियापदाची घडी विस्कटते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधी मराठी माध्यमाच्या शाळांत ते पाचवीपासून सुरू होई. त्या जुन्या पिढीने इंग्रजी मुख्यतः भाषांतराच्या वहीतून शिकले, आणि पुढच्या पिढीनेही आधी मनात मराठी वाक्य जुळवायचे आणि मग ते इंग्रजीत न्यायचे ही सवय फारशी सोडलेली नाही. ती सवय मोडण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण तिचाच उपयोग करून घेता येतो: मनात मराठीचे कोणते रूप आले आहे हे ओळखायचे आणि ते नेमक्या कोणत्या जागी घसरते हे आधीच माहीत करून घ्यायचे. खाली इंग्रजी उदाहरणे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचली तर अधिक उपयोग होईल.

पहिली पायरी: वाक्यातला पहिला सहायक शोधा

सहायक क्रियापदांची घराणी थोडीच आहेत. 'बी' आणि त्याची रूपे ॲम, इज, आर, वॉज, वर. 'हॅव' आणि त्याची रूपे हॅज, हॅड. 'डू' आणि त्याची रूपे डज, डिड. यांखेरीज कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड आणि मस्ट ही नऊ. या नऊ शब्दांना कधीच प्रत्यय लागत नाही, त्यामुळे 'ही कॅन्स' किंवा 'शी मस्ट्स' असे काही संभवत नाही. ऑट टू, यूज्ड टू, नीड आणि डेअर हे शब्द काठावर उभे आहेत; त्यांतल्या दोहोंचा विचार पुढे केला आहे.

'त्याला कळवायला हवे होते' हे वाक्य घेऊ. इंग्रजीत ते 'ही शुड हॅव बीन इन्फॉर्म्ड' असे होते. यात तीन सहायक आहेत, पण वाक्यावर हुकूम चालतो तो पहिल्याचा. नकार त्याच्याच पाठीला चिकटतो: 'ही शुड नॉट हॅव बीन इन्फॉर्म्ड'. प्रश्न करताना कर्त्याच्या पुढे तोच येतो: 'शुड ही हॅव बीन इन्फॉर्म्ड?' शेपटीचा प्रश्नही त्याच्याच जोरावर होतो: 'शुडन्ट ही?' मराठीत ही सगळी कामे वाक्याच्या शेवटी होतात. 'हवे होते', 'नको होते', 'हवे होते का', 'हवे होते ना': आपला कान वाक्य संपेपर्यंत वाट पाहतो आणि निकाल शेवटी ऐकतो. इंग्रजीत निकाल कर्त्याला लागूनच लागतो. म्हणून इंग्रजी वाक्य तपासताना डोळा आधी कर्त्यावर आणि लगेच त्याच्या शेजारच्या शब्दावर गेला पाहिजे.

पहिल्या सहायकानंतर जे काही येते त्याचे रूप त्याच्या अलीकडचा शब्द ठरवतो. 'डू' आणि ते नऊ शब्द यांच्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप येते. 'हॅव'नंतर तिसरे रूप येते. 'बी'नंतर आयएनजी लावलेले रूप येते, किंवा प्रयोग कर्मणी असेल तर तिसरे रूप येते. 'ही मस्ट हॅव वेन्ट' चूक ठरते, कारण 'हॅव'नंतर 'गॉन' हवे. 'ही शुड वेन्ट' चूक ठरते, कारण 'शुड'नंतर 'गो' हवे. एवढा एक परिच्छेद पाठ झाला तर 'डू ॲज डायरेक्टेड'मधले निम्मे प्रश्न सुटतात.

दुसरी पायरी: सहायक नसेल तर 'डू' बोलवा

'तो गेला' या वाक्यात मराठीत सहायक नाही आणि 'ही वेन्ट' यात इंग्रजीतही नाही. नकार करायची वेळ आली की दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठीत 'नाही' जोडला की काम झाले: 'तो गेला नाही'. इंग्रजीतल्या 'नॉट'ला मात्र टेकायला सहायक लागतो, आणि तो वाक्यात नसेल तर बाहेरून 'डू' आणावा लागतो. एके काळी इंग्रजांचेही आपल्यासारखेच होते. सतराव्या शतकापर्यंत 'आय नो नॉट' हे सर्रास लिहिले जात असे. आज ते फक्त जुन्या ग्रंथांत आणि कवितेत दिसते.

'डू' आला की काळ आणि वचन तो आपल्याकडे घेतो, आणि मुख्य क्रियापद शब्दकोशात सापडते त्या रूपात परतते. 'ही वेन्ट'चा नकार 'ही डिड नॉट गो', 'शी नोज'चा नकार 'शी डझन्ट नो'. आपल्याकडून 'ही डिड नॉट वेन्ट' का लिहिले जाते ते पाहा. 'गेला नाही' या मराठी रचनेत भूतकाळ 'गेला'मध्ये आहे आणि 'नाही' त्याला हात न लावता शेजारी उभा राहतो. तो भूतकाळ आपण इमानेइतबारे 'वेन्ट'मध्ये नेतो, शिवाय 'डिड'मध्येही नेतो, आणि एकच काळ दोनदा मोजला जातो. तपासणी सोपी आहे: वाक्यात डू, डज किंवा डिड दिसला की पुढचे मुख्य क्रियापद शब्दकोशातल्या मूळ रूपात आहे ना, एवढेच बघायचे. 'हॅव'ला देखील यातून सूट नाही. 'माझ्याकडे वेळ नव्हता' याचे 'आय डिडन्ट हॅड टाइम' होत नाही, 'आय डिडन्ट हॅव टाइम' होते. 'त्याला जावे लागत नाही' म्हणजे 'ही डझन्ट हॅव टू गो'. येथे 'हॅझन्ट टू गो' लिहू नये.

परीक्षेत नेहमी विचारली जाणारी 'नो सूनर' ही रचना याच नियमाने सुटते. 'नो सूनर डिड द टीचर एंटर दॅन द क्लास फेल सायलेंट' यात 'डिड'नंतर 'एंटर' आहे, 'एंटर्ड' नाही. 'हॅड' वापरला तर मात्र 'नो सूनर हॅड द टीचर एंटर्ड' असे होते, कारण 'हॅव'च्या घराण्यानंतर तिसरे रूप येते.

'डू' कोठे आणायचा आणि 'बी' कोठे ठेवायचा, हा पुढचा घोटाळा. 'तो आजारी नाही' आणि 'तो जात नाही' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच 'नाही' पुरतो, म्हणून 'ही डझन्ट इल' किंवा 'आय ॲम नॉट गो' अशी वाक्ये होतात. यावर एक परीक्षा आहे. मराठी वाक्य होकारार्थी करून पाहावे. 'तो आजारी आहे' यात नुसता 'आहे' उरतो, तेव्हा इंग्रजीत 'बी': 'ही इज नॉट इल'. 'तो जातो' यात क्रियापद उरते, तेव्हा 'डू': 'ही डझन्ट गो'. 'तो जात आहे' यात दोन्ही आहेत, तेव्हा 'बी' आणि आयएनजी: 'ही इज नॉट गोइंग'.

ही परीक्षा एका ठिकाणी फसते आणि ते ठिकाण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. मराठीत 'मान्य आहे', 'माहीत आहे', 'लक्षात आहे', 'विश्वास आहे', 'गरज आहे' अशा जोड्या आपण सतत वापरतो. त्यांत 'आहे' दिसतो, पण इंग्रजीत त्या प्रत्येकीसाठी एकच स्वतंत्र क्रियापद आहे: ॲग्री, नो, रिमेंबर, बिलीव्ह, नीड. 'मला मान्य आहे' यातला 'आहे' प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला की 'आय ॲम ॲग्री' तयार होते. बरोबर वाक्य 'आय ॲग्री', नकार 'आय डोन्ट ॲग्री'. या पाच-सहा जोड्या पाठच कराव्यात. त्यांना नियमाचा आधार शोधत बसण्यात अर्थ नाही.

याच जातीची दुसरी चूक 'झाला'मधून येते. 'अपघात झाला', 'काय झाले?', 'सभा संपली' अशा वाक्यांना अकारण 'वॉज' चिकटतो: 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड', 'व्हॉट वॉज हॅपन्ड?' हॅपन, ऑकर, अपिअर, डाय यांसारख्या क्रियापदांना कर्म नसते, त्यामुळे त्यांचा कर्मणी प्रयोग होत नाही. 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड' आणि 'व्हॉट हॅपन्ड?' एवढेच पुरे. 'माझा जन्म १९९० साली झाला' या एका वाक्यात मात्र 'वॉज' खरोखर लागतो: 'आय वॉज बॉर्न'. तेथे 'आय ॲम बॉर्न' लिहिणारे पुष्कळ भेटतात.

तिसरी पायरी: प्रश्न, प्रश्नातला प्रश्न आणि 'ना'

मराठीत प्रश्न करताना शब्दांची जागा हलत नाही. 'तू येणार आहेस' याला 'का' जोडला की प्रश्न झाला, आणि बोलताना तोही नसला तरी स्वर चढवून भागते. म्हणूनच 'व्हाय यू आर लेट?', 'व्हॉट यू आर डूइंग?', 'व्हाय यू डिड नॉट कम?' असे प्रश्न विचारले जातात. इंग्रजीत पहिला सहायक कर्त्याच्या अलीकडे जायलाच हवा: 'व्हाय आर यू लेट?', 'व्हॉट आर यू डूइंग?', 'व्हाय डिडन्ट यू कम?'

हा धडा नीट गिरवलेले विद्यार्थी पुढच्याच वळणावर अडखळतात. 'तो कोठे आहे ते मला माहीत नाही' याचे ते 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' करतात. प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही आणि उलटापालटीचे कारणही राहत नाही: 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'. मराठीत ओळखण्याची खूण सरळ आहे. प्रश्नवाचक शब्दानंतर 'ते' किंवा 'हे' येऊन वाक्य पुढे चालत असेल, उदाहरणार्थ 'कोठे आहे ते', 'का आला नाही हे', तर इंग्रजीत कर्ता आधी आणि सहायक नंतर. 'तो का आला नाही हे सांगता का?' म्हणजे 'कॅन यू टेल मी व्हाय ही डिडन्ट कम?'

'कोण' विचारताना 'डू' लागतो की नाही, याचे उत्तर मराठीची विभक्ती फुकट देते. 'कोण' किंवा 'कोणी' असेल तर तो कर्ता आहे आणि 'डू' नको: 'कोण आले?' 'हू केम?', 'तुला कोणी सांगितले?' 'हू टोल्ड यू?' 'कोणाला' असेल तर ते कर्म आहे आणि 'डू' हवा: 'तू कोणाला पाहिलेस?' 'हू डिड यू सी?'

आता 'ना'. आपला 'ना' सगळीकडे चालतो. कर्ता कोण, काळ कोणता याची तो पर्वा करत नाही. त्याच्या जागी 'इझन्ट इट' बसवला की 'यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?' हे वाक्य होते, जे भारतात सर्वांना समजते, पण परीक्षेत आणि औपचारिक लेखनात चूक धरले जाते. पहिला सहायक शोधायचा, होकाराला नकार आणि नकाराला होकार करायचा: 'यू आर कमिंग, आरन्ट यू?', 'शी कॅनॉट स्विम, कॅन शी?' सहायक दिसत नसेल तर येथेही 'डू': 'ही लिव्हज इन नाशिक, डझन्ट ही?' अपवाद थोडे आहेत. 'आय ॲम'ची शेपटी 'आरन्ट आय', 'लेट्स'ची 'शॅल वी'. 'नोबडी' आणि 'हार्डली' यांत नकार आधीच दडलेला असतो, म्हणून शेपटी होकारार्थी लागते: 'नोबडी केम, डिड दे?'

नकारार्थी प्रश्नाच्या उत्तरात मात्र व्यवहारात खरा गोंधळ उडतो. 'तू उद्या येणार नाहीस का?' यावर आपण 'हो, नाही येणार' असे म्हणतो. आपला 'हो' समोरच्याच्या अंदाजाला दुजोरा देतो. इंग्रजीतल्या 'येस' आणि 'नो' यांना समोरच्याच्या अंदाजाशी देणेघेणे नसते. येणार नसाल तर 'नो, आय वोन्ट', येणार असाल तर 'येस, आय विल'. परदेशातल्या ग्राहकाशी फोनवर बोलताना 'यू हॅवन्ट रिसीव्ह्ड द पेमेंट?' या प्रश्नाला नुसते 'येस' असे उत्तर दिले तर पैसे मिळाले असेच त्याला वाटेल.

चौथी पायरी: 'आहे' आणि 'होता' यांतून 'हॅव' वेगळा काढा

मराठीत 'हॅव' नाही. मालकी सांगायलाही 'आहे' आणि क्रिया पूर्ण झाली हे सांगायलाही 'आहे'च. 'तो आला आहे' याचे 'ही इज कम' किंवा 'ही इज केम' होते ते त्यामुळे. बरोबर 'ही हॅज कम'. 'मला दोन भाऊ आहेत' याचे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे रूप भारतभर ऐकू येते. मालकी, नाते, आजार, शंका यांसाठी 'हॅव'ला आयएनजी लागत नाही: 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र बरोबर आहे, कारण तेथे 'हॅव'चा अर्थ जेवणे, म्हणजे प्रत्यक्ष चाललेली क्रिया.

याहून अधिक वेळा घडणारी चूक 'होतो'मुळे होते. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे अस्सल मराठी वाक्य आहे. गेलो, काम केले, परत आलो, असा भाव 'होतो'मध्ये असतो. त्याचे 'यस्टर्डे आय हॅड गॉन टू पुणे' केले की इंग्रजी वाचणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो: गेलो होतो, तेव्हा काय झाले? इंग्रजीतला 'हॅड' भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्या आधीची घटना सांगतो. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' येथे दोन घटना आहेत, म्हणून 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'. दुसरी घटना नसेल तर साधा भूतकाळ: 'आय वेन्ट टू पुणे यस्टर्डे'. कार्यालयातल्या ईमेलमधली 'आय हॅड सेन्ट यू अ मेल', 'वी हॅड डिस्कस्ड धिस' ही वाक्ये बहुतेक ठिकाणी 'हॅड' काढून सुधारतात.

'मी त्यांना कालच पत्र पाठवले आहे' हेही मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र 'हॅव' आणि संपून गेलेला ठरावीक वेळ एका वाक्यात नांदत नाहीत. 'आय हॅव सेन्ट द लेटर' चालेल, 'आय सेन्ट द लेटर यस्टर्डे' चालेल, पण 'आय हॅव सेन्ट द लेटर यस्टर्डे' चालणार नाही. यस्टर्डे, लास्ट वीक, इन २०१९, टू डेज अगो यांपैकी काही दिसले की 'हॅव' काढून टाकावा.

उलट बाजू अशी की जेथे 'हॅव' खरोखर लागतो तेथे आपण तो विसरतो. 'मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहतो' यात 'राहतो' वर्तमानकाळी आहे, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स' असे लिहिले जाते. या एका वाक्यात दोन चुका आहेत. क्रिया मागे सुरू होऊन अजून चालू असेल तर 'हॅव बीन' हवे. आणि 'पासून' हा शब्द मराठीत आरंभालाही चालतो, कालावधीलाही चालतो, पण इंग्रजीत आरंभाला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' लागतो. 'आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स', किंवा 'सिन्स २०१५'.

पाचवी पायरी: शकतो, पाहिजे, असेल, असते

कॅन, मे, मस्ट वगैरे शब्दांच्या रचनेच्या चुका लवकर जातात. 'कॅन एबल टू' यात एकच अर्थ दोनदा आला आहे. 'कॅन' ठेवा किंवा 'इज एबल टू' ठेवा. 'मस्ट टू गो'मधला 'टू' काढा. 'ही विल कॅन कम' असे दोन एकत्र येत नाहीत. 'ही विल बी एबल टू कम' म्हणा. अर्थाच्या चुका जास्त दिवस टिकतात, कारण मराठीचा एकेक शब्द इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांचे काम करतो.

'शकतो' हा त्यातला पहिला. 'तो पोहू शकतो' यात क्षमता आहे, 'आज पाऊस पडू शकतो' यात शक्यता आहे. क्षमतेला 'कॅन', आजच्या-उद्याच्या शक्यतेला 'मे' किंवा 'माइट': 'इट माइट रेन टुडे'. 'मी परीक्षा पास होऊ शकलो' याचे 'आय कुड पास द एक्झॅम' केले तर इंग्रज वाचकाला ते 'मी पास होऊ शकेन' असे वाटण्याचा धोका आहे. एखादी गोष्ट त्या एका वेळी प्रत्यक्ष जमली असेल तर 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' वापरावे. नकारात ही अडचण नाही. 'आय कुडन्ट पास' निःशंक लिहावे.

'पाहिजे' आणि 'लागते' यांतले अंतर थोडे कमी आहे, पण भूतकाळात गफलत होते. 'मला जावे लागले' म्हणजे गेलोच: 'आय हॅड टू गो'. 'मस्ट'ला या अर्थाचा भूतकाळ नाही, त्यामुळे 'आय मस्ट वेन्ट' होऊ शकत नाही. 'मला जायला हवे होते' म्हणजे गेलो नाही: 'आय शुड हॅव गॉन'. नकारात तर प्रकरण गंभीर होते. वरिष्ठाने हाताखालच्यांना 'यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे' असा निरोप पाठवला, मनात अर्थ होता 'शनिवारी यायलाच हवे असे नाही'. वाचणाऱ्याला मात्र 'शनिवारी येता कामा नये' अशी बंदी कळते. सक्ती नसल्याचे सांगायचे असेल तर 'यू डोन्ट हॅव टू कम' किंवा 'यू नीडन्ट कम'. मराठीत 'नये' येत असेल तर 'मस्ट नॉट' किंवा 'शुड नॉट', 'गरज नाही' येत असेल तर 'डोन्ट हॅव टू', हे समीकरण सहसा फसत नाही.

'असेल' ऐकला की आपण 'विल बी' लिहितो. 'तो आता घरी पोचला असेल' यात भविष्यकाळ मुळीच नाही, अंदाज आहे. खात्रीचा अंदाज असेल तर 'ही मस्ट हॅव रीच्ड होम', कच्चा असेल तर 'ही मे हॅव रीच्ड'. 'तो कार्यालयात असेल' यालाही 'ही मस्ट बी इन द ऑफिस' अधिक नेमके. खात्रीच्या नकाराला मात्र 'मस्ट नॉट' नको. 'तो तेथे असणे शक्यच नाही' म्हणजे 'ही कान्ट बी देअर'.

जरतरची वाक्ये हा माझ्या मते मराठी माणसासाठी सर्वांत निसरडा भाग आहे, आणि दोष पूर्णपणे 'असता-असते'कडे जातो. 'पाऊस पडला असता तर पीक वाचले असते': दोन्ही अंगांना एकच रूप. साहजिकच 'इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड' असे दोन्हीकडे 'वुड हॅव' येते. इंग्रजीत 'इफ'च्या अंगाला 'हॅड' आणि दुसऱ्या अंगाला 'वुड हॅव': 'इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड'. मनात पक्के करायचे ते एवढेच की 'तर' या शब्दाच्या अलीकडे 'वुड' नाही. 'वुड'ची आणखी एक भारतीय खोड म्हणजे तो नम्रतेसाठी 'विल'च्या जागी घालणे. 'आय वुड बी कमिंग टुमॉरो' असे लिहिल्याने नम्रता वाढत नाही, येण्याबद्दलची शंका वाढते. नम्रता विनंतीत दाखवावी: 'कराल का?' याला 'विल यू' थोडे उर्मट वाटू शकते, तेथे 'कुड यू' किंवा 'वुड यू' शोभते.

दोन लहान गोष्टी येथेच उरकतो. 'दार उघडू का?', 'निघू या का?' यांतल्या 'ऊ'ला इंग्रजीत 'शॅल' आहे: 'शॅल आय ओपन द डोअर?', 'शॅल वी लीव्ह?' आणि 'लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जायचो' यातल्या 'जायचो'ला 'यूज्ड टू' आहे. तो फक्त सुटलेल्या सवयीचा आहे. 'मी रोज सहाला उठतो' याचे 'आय यूज टू गेट अप ॲट सिक्स' होत नाही, नुसते 'आय गेट अप ॲट सिक्स' होते.

सहावी पायरी: लिहिलेले तपासणे

वरच्या पायऱ्या एका खऱ्यासारख्या मजकुरावर चालवून पाहू. रजेचा हा ईमेल मी चुका एकत्र करून मुद्दाम रचला आहे, पण त्यातले एकेक वाक्य कोणत्याही कार्यालयात सापडेल.

'आय ॲम हॅविंग फीवर सिन्स टू डेज. यस्टर्डे आय हॅड गॉन टू द डॉक्टर अँड ही डिड नॉट अलाउड मी टू ट्रॅव्हल. आय कॅनॉट एबल टू अटेंड ऑफिस टुडे. व्हेन आय विल रिकव्हर, आय विल इन्फॉर्म यू. आय डोन्ट नो व्हेन विल आय जॉइन. व्हाय माय लास्ट लीव्ह इज नॉट अप्रूव्ह?'

प्रत्येक वाक्यात कर्त्याशेजारचा शब्द अधोरेखित करा आणि त्याला तीन प्रश्न विचारा: काळ कोणी घेतला आहे, पुढच्या शब्दाचे रूप त्याला साजेसे आहे का, आणि वाक्य प्रश्न असेल तर तो कर्त्याच्या अलीकडे गेला आहे का. पहिल्या वाक्यात आजार आहे, म्हणून आयएनजी जाईल. दोन दिवसांपूर्वी सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून 'हॅव हॅड' येईल. कालावधी आहे, म्हणून 'फॉर': 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज'. दुसऱ्यात 'यस्टर्डे' आहे आणि आधी-नंतरचा संबंध नाही, म्हणून 'हॅड गॉन'चे 'वेन्ट'. 'डिड'नंतर मूळ रूप, म्हणून 'अलाउ'. तिसऱ्यात 'कॅनॉट अटेंड' पुरे. शेवटच्या वाक्यात रजेची गोष्ट मागची आहे आणि रजा कोणीतरी मंजूर करायची होती, म्हणून 'वॉज' आणि तिसरे रूप, आणि प्रश्न असल्यामुळे 'वॉज' पुढे: 'व्हाय वॉज माय लास्ट लीव्ह नॉट अप्रूव्ड?'

चौथे आणि पाचवे वाक्य मुद्दाम मागे ठेवली, कारण दोहोंत 'व्हेन' आणि 'विल' आहेत आणि दोहोंची दुरुस्ती वेगळी आहे. 'मी बरा होईन तेव्हा कळवीन' या वाक्यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ ठेवते. इंग्रजीत वेळ दाखवणाऱ्या अंगात 'विल' येत नाही, म्हणून 'आय विल इन्फॉर्म यू व्हेन आय रिकव्हर'. 'मी केव्हा रुजू होईन ते माहीत नाही' येथे मात्र 'विल' राहतो, फक्त त्याची जागा बदलते: 'आय डोन्ट नो व्हेन आय विल बी एबल टू जॉइन'. कोठे काढायचा आणि कोठे ठेवायचा हे इंग्रजीतल्या 'व्हेन'कडे पाहून कळत नाही, कारण तो दोन्हीकडे सारखाच दिसतो. मराठी वाक्याकडे पाहावे: 'जेव्हा-तेव्हा' असेल तर 'विल' काढा, 'केव्हा' असेल तर ठेवा. 'इफ'लाही हेच लागू आहे. 'जर-तर' असेल तर 'विल' काढा, 'की नाही' असेल तर ठेवा: 'इफ ही कम्स, आय विल टेल हिम', पण 'आय डोन्ट नो इफ ही विल कम'.